हँडलवरची टोपी

त्या सकाळी टोपीमामांच्या घशाखाली चहासुद्धा उतरेना. मामींनी कप पुढे सरकवला, मामांनी तो मागे सरकवला. असा तो कप दोनदा इकडून तिकडे फिरल्यावर मामी म्हणाल्या, "अहो, फाशी द्यायला नाही बोलावलंय. मीटिंगला बोलावलंय."

"माझ्यासाठी एकच आहे," मामा म्हणाले आणि पायात बूट चढवू लागले.

मीटिंग मॅनेजरांच्या खोलीत होती. मामा टाकीवर राहणार की जाणार, एवढंच तिथे ठरायचं होतं. कारखान्यात सुरक्षेचं काम बघणाऱ्याकडे डिप्लोमा हवा, असा नवा नियम निघाला होता. मामांकडे डिप्लोमा सोडा, शाळेचा दाखलाही धड नव्हता. त्यांच्याकडे होती ती टाकी, आणि तिच्या तोंडाशी उभं राहण्यात गेलेलं अर्धं आयुष्य.

कारखाना कागदाचा. टाकी म्हणजे रद्दीचा लगदा करणारं यंत्र: दोन मजले खोल, विहिरीसारखं गोल लोखंडी भांडं आणि तळाशी माणसापेक्षा रुंद पोलादी पातं. रद्दीबरोबर गठ्ठ्यांच्या तारा, प्लास्टिक, चिंध्या असं काहीबाही आत जातं आणि पात्याच्या मुळाशी गुंडाळून बसतं. मग यंत्र थांबवायचं, पाणी सोडून द्यायचं, आणि कोणीतरी शिडीने खाली उतरून, पात्याखाली पोटावर झोपून तो गुंता कापायचा. नेमकं त्या वेळी कोणी यंत्र सुरू केलं तर खाली काय होईल, हे सांगायला कुठलाही डिप्लोमा लागत नाही.

मामा तरुण असताना एकदा तसं झालं होतं. आत त्यांचा जोडीदार होता. दोघांनी एकाच दिवशी कामाला सुरुवात केली होती, एकाच डब्यातून जेवायचे. त्याच्या घरी निरोप घेऊन मामाच गेले होते. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना टाकीकडे बघवत नव्हतं. मग स्वतःच्याच डोक्याने त्यांनी एक पद्धत काढली. जो आत उतरेल त्याने आपलं हेल्मेट काढून मुख्य स्विचच्या हँडलला अडकवायचं. हेल्मेट लटकतंय म्हणजे आत माणूस आहे. वर आल्यावर ज्याचं त्यानेच ते काढायचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मग तो साहेब असो की साहेबाचा साहेब. आणि काम संपेपर्यंत मामा तिथून हलायचे नाहीत. हेल्मेटला तिथे सगळे टोपी म्हणत, म्हणून हे टोपीमामा. कारखान्यात टोपी घालणारे पुष्कळ आहेत, काढायला लावणारे हे एकटेच, असं लोक म्हणायचे आणि मामाही त्यावर मिशीत हसायचे. त्या टाकीत त्यानंतर कोणाच्या अंगाला ओरखडा उमटला नव्हता. मामांना याचा गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

मग मॅडम आल्या. कामाच्या जागची सुरक्षा हाच विषय घेऊन शिकलेल्या, वयाने मामांच्या मुलाएवढ्या. पहिल्याच आठवड्यात त्या टाकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. लांबू हा नावाप्रमाणेच लांबलचक कामगार. तो तेव्हा शिडीवरून खाली उतरत होता.

"मामा, हा माणूस लोखंडी टाकीत उघड्या डोक्याने का उतरतोय?"

"त्याची टोपी हँडलला आहे ना, मॅडम."

"म्हणजे सुरक्षेसाठी आपण त्याचं हेल्मेटच काढून घेतो?"

आजूबाजूचे दोघंतिघं फिसकन हसले. मामा नाही हसले. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. आली ती अशी चारचौघांत, कालच्या पोरीच्या तोंडून. बाईचं चुकलं असतं तर मामांनी मोठ्या मनाने सोडूनही दिलं असतं. पण तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त झोंबलं.

मग कुलपं आली. प्रत्येकाला एक लाल कुलूप, किल्ली गळ्यात. आत उतरणाऱ्याने स्विच बंद करून त्यावर आपलं कुलूप लावायचं. कुलूप असेपर्यंत हँडल वर जातच नाही, मग वर कोण उभं आहे आणि कोण नाही याने फरक पडत नाही. मॅडमनी हे सगळं नीट समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. आणि मॅडमची पाठ वळल्यावर मामांनी आपल्या माणसांना चहाच्या टपरीमागे गोळा केलं.

"मॅडमसमोर कुलूप लावा," ते म्हणाले. "मी असेन तेव्हा टोपी पुरे. कुलूप काय, लोखंडाचा तुकडा. ते तुम्हाला ओळखतं का?"

माणसांना हे आवडलं. कुलपात लगदा जाऊन ते अडकायचं, हातमोज्यातून किल्ली सटकायची. शिवाय मामांचा शब्द होता.

एका माणसाला मात्र मामांनी यातलं काही सांगितलं नाही, आणि तो त्यांचा सख्खा मुलगा होता. तो त्याच कारखान्यात वायरमन होता. मॅडमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, घरी जेवताना "मॅडम म्हणतात" अशी सुरुवात करायचा. मामींनी एकदा वैतागून विचारलं, "त्यांचंही ताट वाढू का?" मुलगा हसला. मामांनी ताटातली मान वर केली नाही. पोरगा त्या बाजूला गेला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मॅडमनी त्याच मुलाला काम नेमून दिलं होतं. यंत्र सुरू करण्याआधी स्विचपाशी जायचं, कुलूप नाही हे बघायचं, हँडल वर करायचं, आणि कंट्रोल रूमला फोनवरून 'चालू करा' अशी मोकळीक द्यायची. हँडलला कोणाचं हेल्मेट दिसलंच तर ते काढून आपल्याकडे आणायचं, ज्याचं असेल त्याला त्या समजावतील.

मीटिंगच्या दिवशी दोन टाक्यांपैकी एक नंबरची टाकी सकाळीच तुंबली. पाणी सोडून दिलं, स्विच खाली ओढला, लांबू कात्री घेऊन तयार झाला. तेवढ्यात मामांना वरून बोलावणं आलं.

"मी येईपर्यंत उतरू नकोस."

"एवढंसं तर काम आहे, मामा."

"उतरू नकोस म्हणालो ना."

लांबूने बरं म्हटलं. मामा निघाले, पण त्यांचं मन आधीच वरच्या खोलीत जाऊन बसलं होतं. एरवी त्यांनी लांबूच्या हातातून कात्री काढून घेतली असती.

मॅनेजरांची खोली गार होती. मामांना तिथे बुटांची लाज वाटायची. जिथे पाय ठेवतील तिथे लगद्याचा ठसा उमटायचा. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं. मामांनी ओळखलं की आता काहीतरी काढून घेणार.

"तुम्हाला कोणी घालवत नाहीये," मॅनेजर म्हणाले. "स्टोअरमध्ये बसा. पगार तोच."

"हातमोजे मोजत?"

"मामा, नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

"मला मामा टाकीवर हवे आहेत," मॅडम मधेच म्हणाल्या. मामांनी चमकून बघितलं. "पण कोर्स करून. संध्याकाळचा वर्ग आहे, मी स्वतः नाव घालते. तुम्हाला जे येतं ते येतंच. फक्त ते दुसऱ्याला देता यायला हवं."

"या वयात बाकावर बसू? टाकीचं चित्र काढलं की मार्क मिळतात म्हणे. टाकीत उतरलं की नाही मिळत?"

"मामा, तुमच्या पद्धतीला एक माणूस लागतो. तुम्ही. ज्या दिवशी तुम्ही तिथे नसाल, त्या दिवसाचं काय?"

मामांकडे उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत होतं. पण दारावर टकटक झाली आणि मुलगा आत आला. बापाकडे न बघता त्याने हातातलं हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"एक नंबरच्या हँडलला हे होतं, मॅडम. कुलूप नव्हतं. हँडल वर करून कंट्रोल रूमला मोकळीक देऊन आलोय."

पिवळं हेल्मेट, पुढची कड तडकलेली, त्यावर हिरवी चिकटपट्टी. पट्टी मामांनीच लावून दिली होती.

"तो आत आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"लांबू. लांबू आत आहे."

"पण कुलूप नव्हतं," मुलगा म्हणाला. "बाबा, कुलूप नव्हतं तिथे."

मामा तोवर दाराबाहेर पडले होते. मागे मॅडमचा आवाज ऐकू आला, "कंट्रोल रूम लागत नाही, लाइन बिझी आहे." मग मॅनेजरांचं काहीतरी, मग पुन्हा मॅडम, या वेळी ओरडून. पण मामांना थांबून ऐकायला वेळ नव्हता. त्यांच्या आयुष्यात संकट आलं की एकच गोष्ट करायची असते, धावायचं. ते जिन्यावरून धावले, आवारातून धावले, रद्दीच्या गठ्ठ्यांमधून धावले. गुडघा बोंबलत होता. गठ्ठे वाहणारा गाडीवाला "काय झालं मामा" म्हणून विचारत राहिला, त्याला ढकलून पुढे गेले. एकीकडे मन सांगत होतं, मी उतरू नकोस म्हटलंय, तो उतरला नसेल, टोपी उगाच अडकवून विडी ओढायला गेला असेल. पण लांबू विडी ओढत नाही, हेही त्याच मनाला माहीत होतं.

टाकीच्या इमारतीत पाऊल टाकलं आणि घंटा सुरू झाली. एक नंबरची घंटा, मामा ती झोपेतही ओळखतील. ती वाजायची थांबली की पातं फिरतं. मामा ओरडले. यंत्रांच्या घरघरीत त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू आला नाही. लोखंडी पायऱ्यांच्या मध्यावर असताना घंटा थांबली आणि खालून मोटरचा हुंकार उठला.

आणि सगळं काळं झालं.

दिवे गेले, पंखे गेले, पलीकडचं कागदाचं मोठं यंत्र कण्हत कण्हत थांबलं. इतकी वर्षं तिथे काढूनही मामांनी अशी शांतता ऐकली नव्हती. क्षणभर त्यांना वाटलं, आपलेच डोळेकान गेले. मग कळलं की वीज गेली. गेली कशी, कोणी घालवली, हे त्या वेळी त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मॅडमनी कंट्रोल रूमचा नाद सोडून सरळ कारखान्याच्या वीज उपकेंद्राला फोन लावला होता आणि सगळ्या विभागाची वीज तोडायला लावली होती. मॅनेजर यंत्रावरचा कागद तुटेल, कित्येक तासांचं नुकसान होईल म्हणत असताना लावली होती. मामांना हे सुचलं नसतं. ते त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

टाकीच्या काठावर ओणवं होऊन त्यांनी हाक मारली, "लांब्या!"

काही नाही.

"लांब्या, अरे बोल!"

"मामा," खालून बारीक आवाज आला, "हात निघत नाहीये."

मामांनी शिडीवर पाय टाकला. तोच मागून कोणीतरी दंड धरला. मुलगा होता, धापा टाकत होता.

"थांबा."

"सोड मला!"

"वीज परत आली तर? दोघं जाल." त्याने खिशातून आपलं लाल कुलूप काढलं, अंधारात चाचपडत स्विच खाली ओढला आणि कुलूप खटकन बसवलं. किल्ली गळ्यात टाकली. मॅडमनी शिकवलेली एकही पायरी त्याने चुकवली नाही. मग बापाला बाजूला सारून तोच आधी खाली उतरला.

पातं वीतभर फिरलं होतं. तेवढ्यात तारांच्या गुंत्याने लांबूची बाही ओढून घेतली होती आणि बाहीबरोबर हात. खांदा निखळला होता, कोपरापर्यंतची कातडी सोलली होती. मुलाने टॉर्च धरला, मामांनी तारा कापल्या. एकेक तार तुटली की लांबू कळवळायचा आणि मग हसायचा प्रयत्न करायचा.

"घंटा ऐकली मी," तो दात वाजवत म्हणाला. "म्हटलं, दोन नंबरची असेल. माझी टोपी होती ना वर."

मामांच्या हातातली कात्री थांबली. हा माणूस घंटा ऐकूनसुद्धा पात्याखाली पडून राहिला होता, कारण टोपीमामांनी त्याला सांगितलं होतं की टोपी असली की भ्यायचं नाही. मामांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलंही नाही. अंधारात कोण बघतंय.

लांबूला वर काढेपर्यंत मॅनेजर आणि मॅडम टॉर्च घेऊन पोचले होते. स्ट्रेचर यायचं होतं. मॅनेजर घामाने भिजले होते. त्यांनी आधी मामांचा हात धरला.

"मामा, तुम्ही ती टोपी ओळखली नसती तर आज काय झालं असतं. नियमाचं मी बघतो वर. टाकी तुमचीच राहील."

सकाळपासून ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते असं आपण होऊन ओंजळीत पडलं. मॅनेजर लांबूकडे वळले.

"आणि तू. कुलूप का लावलं नाहीस?"

लांबूने मामांकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. "विसरलो, साहेब."

"विसरलो? वर्ग घेतला, सही घेतली, आणि विसरलो? बरा झालास की हिशोब घ्यायला ये. असा माणूस मला इथे नको."

भोवती टाकीवरची माणसं उभी होती. टपरीमागे त्या दिवशी कोण काय बोललं हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि एकाही माणसाचं तोंड उघडणार नव्हतं. मामांनी नुसते मूग गिळायचे होते. टाकी राहत होती, नाव राहत होतं. उलट आज त्यात भरच पडली होती. आणि मामा बोलायच्या आधी खरंच थोडं थांबले, हे सांगायलाच हवं. ते काही देवमाणूस नव्हते.

"तो विसरला नाही," ते म्हणाले. "कुलूप नको असं मी सांगितलंय. सगळ्यांनाच सांगितलंय."

मॅनेजरांचा हात अजून मामांच्या हातावर होता. तो हळूच निघाला.

"वाट बघायला सांगितलं होतं तुम्ही," लांबू पुटपुटला. "मीच उतरलो."

"उतरलास माझ्या टोपीच्या भरवशावर."

आता चढती बाजू मॅडमची होती, दोन शब्द सुनावले असते तर कोणी वावगं म्हटलं नसतं. "हेल्मेट काढून आणायला मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आधी टाकीत वाकून बघा, मग काढा, हे मी सांगितलं नाही. जुनी पद्धत मोडताना ती अजून कोण पाळतंय ते आधी शोधायचं असतं. हे मला शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं मी."

लांबूची नोकरी राहिली. मामांना दुसऱ्या दिवसापासून स्टोअर मिळालं. कोर्सबद्दल त्या वेळी कोणी बोललं नाही. मामांनी विचारलं नाही, आणि त्यांना विचारायचं तोंडही नव्हतं.

संध्याकाळी घरी मुलगा जिन्याच्या पायरीवर बसला होता, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. मामा शेजारी जाऊन बसले. मामींनी आतून डोकावून बघितलं आणि शहाणपणाने परत गेल्या.

"मोकळीक मी दिली, बाबा," मुलगा म्हणाला. "माझ्या तोंडाने दिली."

"चूक माझी होती."

"ते सांगितलंत तुम्ही तिथे. ऐकलं मी." त्याने समोरच्या भिंतीकडेच बघत विचारलं, "गाडीवाल्याला माहीत होतं. झाडूवाल्याला माहीत होतं. मलाच का नाही सांगितलंत?"

मामांनी दोनतीन उत्तरं मनात करून बघितली. एकही खरं नव्हतं. आपला जोडीदार गेला तेव्हा बटण दाबणारा माणूस नंतर कसा जगला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो कोणाच्या नजरेला नजर द्यायचा नाही, शेवटी गाव सोडून गेला. आज आपल्या हट्टापायी आपल्याच पोराला आपण तिथवर नेऊन सोडलं होतं, हे त्यांना आता बसल्या जागी कळत होतं.

"वाटलं, तू जाऊन मॅडमना सांगशील," ते शेवटी म्हणाले.

"सांगितलंच असतं," मुलगा म्हणाला.